शेऱ्याचा रकाना

रस्ता रुंद होणार, म्हणून मोजणी.
माझ्याकडे चुन्याची बादली, कुंचला, टेप, वही
आणि वहीत रकाने : अनुक्रमांक, जात, घेर, शेरा.
घाट चढून आवळढाण्यापर्यंत काही अडलं नाही.
साग, साग, धावडा, मोह, साग,
ओढ्यावर वाकलेला एक अर्जुन,
पुन्हा साग.

एकशे तेराला पेन थांबला.
पडक्या डाकबंगल्याच्या मागे,
जिथं बायका सरपण टेकवून दम घेतात,
राखाडी सालीचं एक झाड. उभ्या भेगा.
आणि गाठी. लिंबाएवढी, नारळाएवढी,
वरच्या फांदीवर तर एवढी मोठी
की कुणी पाठ फिरवून बसलंय आणि
उतरायला तयार नाही.

"अक्रोड," टेप धरणारा सुकलाल कास्देकर म्हणाला.
"साहेबानं लावला."
कुठला साहेब?
"गोरा. आजा सांगे."
फळं धरतात?
"माकडाले इचारा."

अक्रोड मला ठाऊक तो परतवाड्याचा,
किराणा दुकानातल्या बरणीतला.
दिवाळीला दोन आणायचे, मोजून.
एक दाराच्या फटीत धरून फोडला,
दुसरा फुटलाच नाही. कित्येक वर्षं
शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर वाजत राहिला.
त्याला झाड असेल, असं कधी वाटलं नव्हतं.

टेकडीवर रेंज येते. वनपाल डवलेंना फोन लावला.
"काकड लिही. काकडाला येतातच गाठी."
येतात, साहेब. पण पानांवर येतात.
किड्यानं घर केलेले ते फोड, पिकले की लालसर होतात.
या लाकडाच्या आहेत. सालीसकट.
आणि काकडाच्या पानाला कातर असते,
या पानाची कड बोट फिरवलं तर सरळ निघून जाते.
"अक्रोड यादीत नाही," डवले म्हणाले.
"यादीत नाही म्हणजे नागपूरला पत्र.
काकड लिही आणि पुढं हो."

मी पान चुरगाळलं.
वास शाईचा, की कैरीच्या देठाचा,
दोन्हीच्या मधला कुठला तरी.
मग बोटाएवढी डहाळी ब्लेडनं उभी चिरली.
आत जिना होता.
पातळ तपकिरी पडदे, एकावर एक,
एका मुंगीला विसावत चढता येईल असा.
सुकलालनं वाकून पाहिलं. म्हणाला,
"इतके वर्सं जळन तोडलं, हे नाही पाह्यलं."

माझा बाप आरागिरणीत होता.
पातं गाठीला लागलं की आवाज बदलायचा,
चिरका व्हायचा, मग खालचा.
रात्री झोपेतसुद्धा कुठं तसा आवाज झाला
तर बाप उठून बसायचा
आणि स्वतःची बोटं मोजायचा.
गाठीच्या आत रेषा सरळ नसतात, सांगायचा,
लाकूड तिथं मागं वळून बघतं.

मोळी टेकवून बुदाय बसली होती.
कुणी न विचारता बोलली,
"लहानपनी नव्हत्या त्याले."
पदर सरकला तेव्हा गळ्याखाली दिसली,
वांग्याएवढी, गुळगुळीत.
तिनं झाकली नाही.
"मलेबी नव्हती," म्हणाली.
मग मोळी उचलायला सुकलालला हाक मारली,
आणि त्यानं आधी टेप माझ्या हातात दिला.

रकाना इंचभर रुंद.
जात : इथं मी बराच वेळ काही लिहिलं नाही.
मग लिहिलं, अक्रोड (?),
मग प्रश्नचिन्ह खोडलं, आणि खोडलेलं
प्रश्नचिन्हापेक्षा ठळक दिसायला लागलं.
घेर : एकशे चौऱ्याऐंशी, गाठ धरून.
गाठ सोडून मोजायची म्हटली तर टेप कुठून न्यायचा?
शेरा : फांद्यांवर गाठी, जुन्या. डहाळीच्या आत जिना आहे.
डवले वाचतील. हसतील. नागपूरला कोण वाचेल माहीत नाही.

कुंचला चुन्यात बुडवला.
खोडावर आकडा काढताना
दोन एक नीट उभे राहिले,
तिनाच्या खाली मात्र एक बारकी गाठ आली
आणि तिनाचं पोट फुगलं.
पुसून पाहिला. पुन्हा तसाच आला.

एकशे चौदा. साग.